अक्षरं ओळखीची, अर्थ परका

(खोपट, ठाणे इथे आठवी ते दहावीचे विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांसमोर एका माध्यमिक शिक्षिकेने केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मुलांनो, मागे उभ्या असलेल्या बाबांनो, आणि लहानग्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या बहिणींनो, रविवारची सकाळ सोडून तुम्ही आलात याबद्दल आधी आभार. बाहेर एसटी स्टँडवरून गाड्या सुटतायत. हॉर्नमुळे माझा आवाज पोचला नाही तर हात वर करा, मी थांबेन.

हायस्कूलच्या मुलांनी परदेशी भाषा आणि तिथल्या लोकांची संस्कृती कशासाठी शिकायची, असा आजचा विषय आहे. मघाशी चहाच्या वेळी दोन पालक भेटले. एका ताईंनी विचारलं, "मॅडम, फ्रेंच घेतली तर टक्के वाढतात म्हणे, खरं का?" दुसरे भाई म्हणाले, "अरबी शिकला तर पोराला दुबईत नोकरी लागेल का?" प्रश्न दोन्ही रास्त आहेत. टक्क्यांवर प्रवेश ठरतो आणि नोकरीवर घर चालतं. दोन्हींची उत्तरं मी देईन. पण त्याआधी माझ्या घरातली एक गोष्ट सांगते, कारण मी भाषेच्या वाटेला लागले ती त्या गोष्टीमुळे.

साल १९८६. मी तेव्हा नववीत होते. आम्ही कल्याणचे, कोकणी मुसलमान. घरात बोलायचो ती मराठीचीच एक बोली, शाळा उर्दू माध्यमाची, आणि सकाळी मकतबमध्ये कुरआनचं वाचन. माझे मामू एसी दुरुस्तीचं काम करायचे. हात एवढा चांगला की कंप्रेसरचा आवाज ऐकून बिघाड सांगायचे. त्यांना सौदीला जायची संधी आली. एजंटने कागद आणला. कागदाच्या एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला अरबी. घरात सगळे भोवती जमले. इंग्रजी बाजूला 'टेक्निशियन' असं लिहिलं होतं, ते शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने वाचून दाखवलं. अरबी बाजू मामूंनी स्वतः वाचायला घेतली. त्यांचं कुरआनवाचन सुरेख होतं, मोहल्ल्यात लोक त्यांना वाचायला सांगायचे. पण त्या कागदावरच्या अक्षरांना जेर, जबर, पेश काहीच नव्हतं. कुरआनच्या छापील प्रतीत प्रत्येक अक्षरावर स्वरांच्या खुणा असतात. रोजच्या व्यवहाराच्या अरबीत त्या लिहीत नाहीत. भाषा येणारा माणूस त्या मनात भरून घेतो. मामू अडखळत राहिले. शेवटी एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं. ऐन, अलिफ, मीम, लाम. "आमिल!" ते म्हणाले आणि हसले. उर्दूत आमिल म्हणजे ताविज देणारा, भूत उतरवणारा. "बघा, मला आमिलबाबा करून नेतायत," असं म्हणून त्यांनी सही केली. आम्ही सगळे खो खो हसलो.

अरबीत आमिल म्हणजे मजूर.

तिथे पोचल्यावर त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, तोच शब्द आला. काम एसीचं आणि पगार मजुराचा. त्यांनी इंग्रजी बाजू दाखवली. पण सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यानुसार दोन भाषांतल्या मजकुरात फरक पडला तर अरबी मजकूर धरला जातो. तंत्रज्ञाला अरबीत 'फन्नी' म्हणतात. आपल्याकडे 'फन' म्हणजे कला, कलावंताला फनकार म्हणतात, त्यातलाच तो फन. फन्नी आणि आमिल, या दोन शब्दांच्या मधल्या फटीत माझ्या मामूंची तीन वर्षं गेली. घरी ते याविषयी कधी रागाने बोलले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "मी तो शब्द वाचला होता रे. माझ्याच तोंडाने वाचला होता."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. अक्षर वाचता येतं आणि अर्थ कळत नाही, अशी माणसं आपल्या समाजात घरोघरी आहेत. लहानपणी चार-पाच वर्षं आपण एका परदेशी भाषेच्या लिपीवर घाम गाळतो. उच्चार घोटून घेतो. आणि मग जिथून खरी भाषा सुरू होते, तिथेच पुस्तक मिटतो. पुढे मी अकरावीला अरबी विषय घेतला, तो मामूंमुळे.

हे फक्त मुसलमानांचं आहे असं मात्र समजू नका. इथून जवळच, टेंभी नाक्यावर, ज्यूंचं सिनेगॉग आहे, १८७९ साली बांधलेलं. तिथे जाणारे बेने इस्राएली लोक घरी मराठी बोलायचे आणि प्रार्थना हिब्रूत म्हणायचे. १९४८ नंतर त्यांच्यातले पुष्कळ जण इस्राएलला गेले. प्रार्थनेतली हिब्रू त्यांना पाठ होती, पण बाजारात, कारखान्यात, शाळेत लागणारी हिब्रू त्यांना पहिल्यापासून शिकावी लागली. त्यांनी ती शिकली, आणि तिकडे राहून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं. वसईच्या चर्चमध्ये १९६० च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. मग व्हॅटिकनच्या परिषदेने लोकभाषेला परवानगी दिली आणि तिथल्या ख्रिस्ती बांधवांना आपली उपासना मराठीतून कळू लागली. लग्नात मंगलाष्टकं ऐकणाऱ्या किती जणांना संस्कृत कळतं, हे तुम्हीच बघा. श्रद्धेने म्हटलेल्या शब्दाचा मान मोठाच आहे, त्याला मी हात लावत नाही. माझं म्हणणं शाळेपुरतं आहे. शाळेत जी भाषा शिकवायची ती कळण्यासाठी शिकवायची.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. टक्के वाढतात का? हो, वाढतात. म्हणूनच तर आपल्याकडे फ्रेंच-जर्मन हे 'स्कोअरिंग' विषय झालेत. घोडबंदर रोडच्या मोठ्या शाळांतली मुलं पाचवी-सहावीपासून फ्रेंच घेतात. माझ्या शेजारच्या मुलाला दहावीला फ्रेंचमध्ये सत्त्याण्णव मार्क होते. मी त्याला एकदा विचारलं, "एखादा फ्रेंच पाहुणा ठाणे स्टेशनला उतरला आणि त्याने तुला तलावपाळीचा रस्ता विचारला, तर काय सांगशील?" तो म्हणाला, "आंटी, हे सिलॅबसमध्ये नव्हतं." हुशार मुलगा आहे, त्याला हसू नका. त्याला क्रियापदांची रूपं तोंडपाठ होती, पण कुणी त्याला बोलायला लावलंच नव्हतं. मामूंना अक्षरं येत होती, याला व्याकरण येत होतं. अर्थाशी गाठ दोघांचीही पडली नव्हती.

आणि ज्या मुलांना मार्कांची चलाखीसुद्धा मिळत नाही, ती तर माझ्यासमोर बसलीत. मराठी शाळेतली, उर्दू शाळेतली, महापालिकेच्या शाळेतली. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात दहावीपर्यंत संयुक्त भाषांमध्ये संस्कृतसारखीच पाली, अर्धमागधी, अरबी, फारसी यांना जागा आहे. अकरावी-बारावीला फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी, अरबी, फारसी हे विषय आहेत. कागदावर दार उघडं आहे. पण शाळेत शिक्षक नाही म्हणून विषय नाही, विषय नाही म्हणून मुलं नाहीत, आणि मुलं नाहीत म्हणून शिक्षक नेमत नाहीत. अकरावीला गेलं की दुसरी भाषा सोडून माहिती तंत्रज्ञान घ्या, असा सल्ला सगळीकडून मिळतो. हे चक्र कुठेतरी पालकांनीच तोडायला हवं.

२०२५ साली आपल्या राज्यात भाषेवरून केवढा वाद झाला ते आठवा. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. पहिलीच्या चिमुरड्यावर तीन भाषांचं ओझं नको, हे म्हणणं मलाही पटलं. मात्र त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. पहिलीत किती भाषा, यावर आपण घसा कोरडा केला. नववीत एखादी भाषा कशी शिकवतात, ती येते की नाही, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. तेरा-चौदा वर्षांचं मूल जग बघायला लागलेलं असतं. त्याला प्रश्न पडतात. परक्या माणसाच्या घरात डोकावायचं खरं वय ते आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हेच म्हटलंय, की माध्यमिक पातळीवर मुलांना जगातल्या संस्कृती कळाव्यात म्हणून परदेशी भाषा द्याव्यात. उदाहरणादाखल भाषा दिल्यात: कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. फारसीचं नाव अभिजात भाषांमध्ये येतं. अरबीचं नाव परदेशी भाषांच्या यादीत नाही. आखाती देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी अरबी एक आहे. यादी उदाहरणादाखल असल्यामुळे अरबीला मनाई नाही, पण नाव नसलं की शाळा विचारही करत नाहीत. तिची मागणी करायची तर ती मुसलमानांची भाषा म्हणून नको, कामाची आणि जगाची भाषा म्हणून करावी. ते अधिक खरंही आहे.

कारण अरबी बोलणारे सगळे मुसलमान नाहीत, आणि जगातले बहुतेक मुसलमान अरबी बोलत नाहीत. लेबनॉनचे आणि इजिप्तचे ख्रिस्ती लोक अरबीत प्रार्थना करतात. मुंबईत ग्रंथालय आणि गोदी बांधणारं ससून घराणं बगदादच्या ज्यूंचं होतं. कैरोचे कादंबरीकार नजीब महफूझ यांना १९८८ साली साहित्याचं नोबेल मिळालं. त्यांच्या कादंबऱ्यांत गल्लीतले चहावाले, कारकून, चिडलेल्या सासवा, बेकार पोरं आहेत. वाचाल तर वाटेल, अरे, हे तर राबोडीच आहे की! संस्कृती शिकणं म्हणतात ते याला. उंट, वाळवंट आणि खजूर यांची चित्रं वहीत चिकटवण्याला नाही.

आता मुलांनो, तुमच्यासाठी एक खेळ. ठाण्यात मामलेदार मिसळ कोणी खाल्ली नाही, हात वर करा.

बघा, एकही हात नाही!

मामलेदार हा शब्द कुठून आला? मामला आणि दार. 'दार' फारसी, 'मामला' अरबी. आता अरबीची गंमत अशी की तिथे बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळापासून फुटतात. एक मूळ हाती आलं की त्याच्या सगळ्या फांद्या हलतात. मामल्याचं मूळ आहे ऐन, मीम, लाम. काम करणं, अमलात आणणं. त्याच मुळापासून आपल्या मराठीत आलं अंमल, अंमलदार, अंमलबजावणी, मामला, मामलेदार. आणि त्याच मुळापासून आला आमिल, ज्या शब्दाने माझ्या मामूंचा पगार खाल्ला. त्यांना अंमलबजावणी ठाऊक होती, मामलेदार कचेरी ठाऊक होती. या सगळ्यांचं कूळ एकच आहे हे शाळेत कुणी एका तासात जरी दाखवलं असतं, तरी त्यांचं बोट त्या शब्दावर थबकलं असतं. ते हसण्याऐवजी कुणाला तरी विचारायला गेले असते.

आणखी एक मूळ घ्या. हे, साद, लाम. मिळवणं, गोळा करणं. त्यातून हासिल, महसूल, तहसील. "बोलण्यात काय हशील?" असं तुमची आजी म्हणते ना, तो हशीलही तिथलाच. म्हणजे मामलेदाराचं दुसरं नाव तहसीलदार, तेही अरबी-फारसीच. आता मिसळीबरोबर पाव येतो. पाव पोर्तुगीज. वडापावातला बटाटा पोर्तुगीज. पगार पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज. ठाणे-वसई पट्ट्यावर पोर्तुगीजांचा ताबा होता, १७३७ मध्ये ठाणं आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. पोर्तुगीज गेले, पण त्यांचा पाव आपल्या ताटात राहिला. म्हणजे 'मामलेदार मिसळ-पाव' एवढ्या नावात अरबस्तान, इराण, पोर्तुगाल आणि महाराष्ट्र बसलेत. परदेशी भाषा ही विमानात बसून जायची गोष्ट आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला मिसळ खायला न्या.

पालक म्हणतात, पोरं आधीच तीन-चार भाषा शिकतायत, आणखी एक कशाला? हा आक्षेप खरा आहे. उर्दू शाळेतला मुलगा उर्दू, मराठी, इंग्रजी, हिंदी एवढं करतो आणि वर मकतबमध्ये अरबी वाचतो. पण ओझं होतं ते प्रत्येक भाषा वेगळ्या वहीत, वेगळ्या खोलीत, एकमेकींशी ओळख न करून देता शिकवल्यामुळे. मी अठ्ठावीस वर्षं उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतेय. 'ळ' आणि 'ण' म्हणताना त्यांची जीभ वळत नाही. काही जण म्हणतात, "मॅडम, मराठी अपनी जुबान थोडी है." मग मी फळ्यावर अर्ज, हजर, वकील, जामीन, दाखला, शिल्लक, जमाखर्च असे शब्द लिहिते आणि विचारते, यातला कुठला तुमचा नाही? वर्ग एकदम जागा होतो. मराठी येत नाही ही भीती अशीच एकेका शब्दाने जाते.

आणि हे मी ठामपणे सांगते: परदेशी भाषेआधी शेजाऱ्याची भाषा. मराठी नीट आली नाही तर रेशनच्या कार्डापासून स्पर्धा परीक्षेपर्यंत आपलं मूल आपल्याच गावात परदेशी ठरेल. उर्दू सोडा असं मी म्हणत नाही. दोन्ही पायांवर उभं राहिल्यावर तिसरं पाऊल पुढे टाकता येतं, एवढंच म्हणते.

भाषेला जात-धर्म लावायचा प्रयत्न होतो तेव्हा मुलांना दोन नावं सांगा. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, मराठीचे मोठे कवी. ते फारसीचे प्राध्यापक होते. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश काढला आणि उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीतून मराठीत आणल्या. दुसरे सेतुमाधवराव पगडी. उर्दू-फारसीवर त्यांची हुकमत होती, शिवकाळ आणि मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधनं त्यांनी मराठी वाचकापुढे ठेवली. त्याच माणसाने आदिवासींची गोंडी आणि कोलामी शिकून त्यांची व्याकरणं लिहिली. आज मराठ्यांच्या इतिहासाची फारसी कागदपत्रं वाचू शकणारे लोक कमी होत चाललेत. उर्दू माध्यमातल्या मुलाला ती लिपी आधीच येते. मराठी त्याने नीट शिकली तर हे काम त्याच्याइतकं सोपं कुणाला असेल?

मुलींसाठी तिसरं नाव आमच्या कल्याणचं. आनंदीबाई जोशी, जन्म १८६५. अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघण्याआधी, १८८३ साली, त्यांनी बंगालात सेरामपूरला इंग्रजीतून जाहीर भाषण केलं. तेव्हा त्या अठराव्या वर्षात होत्या. मी का जाते, माझ्या देशात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने, दुसऱ्यांच्या भाषेत सांगितलं. परकी भाषा शिकल्याने आपण परके होत नाही, आपलं म्हणणं परक्याच्या कानापर्यंत नेता येतं. नाहीतर आपल्याबद्दल दुसरेच बोलत राहतात.

आता भाईंचा प्रश्न. नोकरी लागेल का? नुसत्या भाषेवर लागणार नाही. हातात कसब हवं, आणि कसबाला भाषेची जोड हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशी माणसं त्यांना हवीत, पण जर्मन येणारी. तिथे ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या असतात. नर्सला साधारण चौथी पायरी, बी-टू, गाठावी लागते. जपाननेही जानेवारी २०२१ मध्ये भारताशी असाच करार केला. तिथे बहुतेक कामांना जपानीची एन-फोर पातळी किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते. हे सहा महिन्यांच्या क्रॅश कोर्समध्ये उरकणं अवघड जातं. नववी-दहावीत रोज अर्धा तास दिला तर बारावीनंतर मूल दोन पायऱ्या वर उभं असतं.

शाळेत विषय नसेल तरी सुरुवात अडत नाही. डॉइच वेले या जर्मन संस्थेचे आणि जपानच्या एनएचके वर्ल्डचे धडे मोबाइलवर फुकट मिळतात. चार मुलांनी एकत्र बसून ऐका, एकमेकांशी बोला, चुका. आणि पालकांनो, दहा-पंधरा जणांनी सह्या करून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या की आमच्या मुलांना अमुक भाषा हवी आहे. एकट्याचा अर्ज कपाटात जातो, पंधरा जणांचा शाळा समितीपुढे जातो.

परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहून घ्या. दहावी पास असाल तर पासपोर्टवर ईसीआर हा शिक्का येत नाही. ज्यांच्या पासपोर्टवर तो असतो, त्यांना आखातातल्या देशांसह अठरा देशांत कामाला जायला सरकारी मंजुरी लागते. आणि एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर बघता येतं. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. कागदाच्या दोन्ही बाजू कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

एक आक्षेप मात्र आदराने घेतला पाहिजे. काही वडीलधारे म्हणतात, अरबीचा अर्थ सांगणं हे आलिमांचं काम, शाळेने त्यात पडू नये. बरोबर आहे. धर्मग्रंथाचा अर्थ लावायचं काम शाळेचं नाहीच. शाळेने रस्त्यावरची पाटी, वर्तमानपत्रातली बातमी, औषधाच्या बाटलीवरची सूचना आणि नोकरीचा कागद वाचायला शिकवावं. त्या बाकावर मुसलमान मुलाशेजारी बौद्ध मुलगी बसली, हिंदू मुलगा बसला, तर मला आनंदच होईल. आखातात नोकरीला तेही जातात.

शेवटी एक अलीकडची गोष्ट. माझ्या शाळेत शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर मुलांना बसवते. त्यात मराठीतले अरबी-फारसी शब्द आणि त्यांची मुळं असा खेळ चालतो. अभ्यासक्रमात नाही, मार्क नाहीत. नववीतली एक मुलगी नेमाने येते. तिचे वडील वागळे इस्टेटमध्ये वेल्डर आहेत. एक दिवस तिने वडिलांच्या मोबाइलवर आलेला नोकरीच्या कागदाचा फोटो आणला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, इथे 'मिहना' आहे, म्हणजे पेशा ना? आणि पुढे ऐन, अलिफ, मीम, लाम. हे तर आमिल झालं. अब्बा तर वेल्डर आहेत." वेल्डरला अरबीत लह्हाम म्हणतात. तो शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता.

मला क्षणभर बोलता आलं नाही. एवढ्या वर्षांनी तोच शब्द, तसाच.

तिच्या वडिलांनी एजंटला विचारलं. तो म्हणाला, सगळ्यांचं असंच लिहितात, तिथे गेल्यावर होईल ठीक. त्यांनी सही केली नाही. गोष्ट गोड शेवटाची नाही. ते आजही वागळे इस्टेटमध्येच आहेत, पगार तेवढाच आहे, आणि तिची आई माझ्यावर जरा नाराजच आहे. घराचं छप्पर करायचं होतं, ते राहिलं. मी तिला चूक म्हणत नाही. पण त्या घरात एक गोष्ट नवी झाली. नववीतल्या पोरीने वाचलं, आणि बापाने तिचं ऐकून हात मागे घेतला. आता ते दुसऱ्या कागदाची वाट बघतायत. तो आला की आधी मुलीला दाखवणार आहेत.

मामू आता पंचाहत्तरीला आलेत. त्यांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी त्या मुलीचं नाव विचारलं आणि म्हणाले, "तिला सांग, मी तो शब्द चांगला ओळखतो."

मुलांनो, भाषा कुठलीही घ्या. जर्मन घ्या, जपानी घ्या, अरबी घ्या, पोर्तुगीज घ्या. पण अक्षरापाशी थांबू नका, आणि मार्कांपाशीही थांबू नका.

आता तुमचे प्रश्न घेते. मघाशीपासून तिसऱ्या रांगेत हात वर आहे. बोल बेटा, मराठीत बोल, उर्दूत बोल, चालेल.